चाचांच्या गोळीची गोष्ट

आमच्या चाचांचा उजवा हात हलायला लागला तेव्हा आम्हाला वाटले, चाचा जिक्र करताहेत. अंगठा आणि शेजारचे बोट एकमेकांवर हळूहळू घासले जायचे, तसबीहचा एकेक मणी पुढे सरकवावा तसे. अस्रच्या नमाजनंतर ते ओट्यावर बसत. हात मांडीवर आणि बोटे चालू. येणारे-जाणारे अदबीने सलाम करून जात. हातात तसबीह नाही, हे लक्षात यायला आम्हाला सहा महिने लागले.

मागे वळून पाहिले तर खुणा आधीपासून होत्या. चाचांनी तीस वर्षे सुक्या मासळीचा धंदा केला. पेणपासून रोह्यापर्यंत त्यांना ओळखणारी गिऱ्हाइके आहेत. बोंबील जुना की ताजा हे डोळे मिटून, नुसत्या वासावरून सांगणारा माणूस. तोच माणूस "मला हल्ली वासच येत नाही" म्हणू लागला, तर आम्ही करोनाला दोष देऊन मोकळे झालो. हिशेबाच्या वहीतले अक्षर ओळीगणिक बारीक होत गेले. चेहऱ्यावरचे हसू गेले. चाची म्हणायच्या, "तुमच्या चाचांना माझा कसला राग आलाय, काही कळत नाही." वास जाणे, अक्षर आकसणे, चेहरा लाकडासारखा होणे, ही सगळी एकाच आजाराची लक्षणे असतील, असे घरातल्या एकालाही सुचले नाही. आम्ही शाळेत शिकवतो, घरातले शिकलेले म्हणून आमच्याकडे पाहिले जाते, आम्हालाही नाही.

मुंबईला मेंदूविकाराच्या डॉक्टरांनी चाचांना चालायला लावले, वळायला लावले, बोटांची उघडझाप करायला सांगितली, कागदावर चार ओळी लिहून घेतल्या आणि आजाराचे नाव सांगितले: पार्किन्सन. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ मध्ये या आजारावर पहिला निबंध लिहिला, म्हणून हे नाव. आपल्याकडचे वैद्य कंपवात म्हणत आले, हकीमांच्या पोथ्यांत कंपाला राशा म्हणतात. मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांना हाच आजार होता. १९९६ साली अटलांटा ऑलिम्पिकची ज्योत पेटवताना त्यांचा थरथरणारा हात साऱ्या जगाने टीव्हीवर पाहिला. चाचांना हे सांगितले तेव्हा त्यांना थोडा धीर आला.

गोळी सुरू झाली. दिवसातून तीन वेळा, जेवणाआधी अर्धा तास. काही आठवड्यांत चाचा स्वतःच्या हाताने शर्टाची बटणे लावू लागले. चाची म्हणाल्या, राग गेला वाटते.

आणि मग रमजान आला.

"साठ वर्षांत रोजा चुकला नाही. आता एका गोळीसाठी मोडू?" चाचा म्हणाले. त्यांनी आपल्याच मनाने वेळापत्रक बसवले. एक गोळी सहेरीला आणि उरलेल्या दोन इफ्तारला, एकदम, खिमा-पावाबरोबर. दोन-तीन दिवसांत मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या. मग त्यांनी गोळ्या बंदच केल्या. "तीस दिवसांचा तर प्रश्न आहे, ईदनंतर पुन्हा घेईन." नवव्या रोजाला तरावीहमध्ये चाचा सजद्यात गेले ते उठलेच नाहीत. शुद्धीवर होते, उठता येत नव्हते. दोघांनी खांद्याला धरून घरी आणले. दुसऱ्या दिवशी अंग फळीसारखे ताठ आणि सणसणून ताप. इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कधीपासून बंद आहे?"

ही गोळी एकदम थांबवली तर असा ताप आणि ताठरपणा येऊ शकतो आणि त्यात माणूस दगावूही शकतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. अल्लाहची मेहरबानी, चाचा वाचले. पण चूक एकट्या चाचांची नव्हती. गोळ्या बंद आहेत हे आम्हाला माहीत होते. वडीलधाऱ्या माणसाला रोजा सोडा म्हणणे आमच्या तोंडी आले नाही. आम्ही गप्प राहिलो. ती गोळी मेंदूत नेमके काय करते हे तेव्हा ठाऊक असते, तर गप्प राहिलो नसतो. म्हणून पुढचे सारे लिहीत आहोत.

बी.एड.ला आम्हाला मानसशास्त्राचा पेपर होता. थॉर्नडाइकचे मांजर आणि पावलॉव्हचा कुत्रा आम्ही पाठ केला. मेंदू चालतो कशावर, हे कुणी सांगितले नाही.

नागोठण्याच्या वाचकाला ते सांगणे सोपे आहे. अंबा नदीची खाडी डोळ्यांसमोर आणा. पूल नसता तर या काठाचा निरोप त्या काठाला होडीनेच गेला असता. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि दोन पेशींच्या मध्ये अशीच एक अतिसूक्ष्म खाडी असते. पेशीच्या आतून विजेचा इशारा येतो, पण तो खाडी ओलांडू शकत नाही. म्हणून पेशीच्या टोकाला कोठारे असतात, त्यांत रासायनिक होड्या भरून ठेवलेल्या असतात. इशारा आला की कोठार उघडते, होड्या सुटतात, पलीकडच्या धक्क्याला लागतात आणि निरोप पोहोचतो. काम झाले की होड्या परत ओढून घेतल्या जातात किंवा मोडून टाकल्या जातात. हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते. या होड्यांना नावे आहेत: डोपामिन, सिरोटोनिन, गाबा आणि आणखी कितीतरी. हालचाल, झोप, भीती, उमेद, भास, सगळ्याचा संबंध कुठे ना कुठे या वाहतुकीशी येतो. मेंदूवर काम करणारी बहुतेक औषधे या खाडीतच कुठेतरी हात घालतात.

पण हे माणसाला कळले कसे? या गोष्टीचा एक मोठा धागा आपल्याच रानातून, दिल्लीच्या एका हकीमांच्या हातून आणि मुंबईच्या एका इस्पितळातून जातो.

सर्पगंधा नावाचे झुडूप आहे. युनानी हकीम त्याला असरोल म्हणतात. बिहारकडे त्याच्या मुळीला सरळ 'पागलांची दवा' म्हणत. बेभान झालेल्या माणसाला ही मुळी देत, तो शांत होई, झोपी जाई. हकीम अजमल खान यांचे नाव आपल्या वाचकांना जामिया मिल्लियाचे एक संस्थापक आणि १९२१ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून माहीत असते. पण त्यांचा खरा ध्यास होता तो युनानी दवांची आधुनिक रसायनशाळेत पारख व्हावी हा. जर्मनीतून रसायनशास्त्र शिकून आलेल्या सलीमुज्जमा सिद्दीकी या तरुणाला त्यांनी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात संशोधनासाठी बोलावले. हकीमसाहेब १९२७ च्या डिसेंबरात वारले. सिद्दीकींनी काम सोडले नाही. १९३१ मध्ये त्यांनी सर्पगंधाच्या मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि त्यांतल्या एकाला आपल्या आश्रयदात्याचे नाव दिले: अजमलिन. हृदयाच्या ठोक्यांच्या एका तपासणीत हे अजमलिन आजही वापरले जाते. त्याच वर्षी कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि रक्तदाबावर चालते असा लेख लिहिला.

पुढचा टप्पा मुंबईचा. केईएम इस्पितळाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधाच्या गोळ्या देऊन निरीक्षणे नोंदवली आणि १९४९ मध्ये ती 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापली. मग मात्र जग जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य, रिसरपिन, वेगळे केले. न्यूयॉर्कजवळच्या एका मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी ते रुग्णांना दिले. वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली माणसे शांत झाली, बोलू लागली. फ्रान्समध्ये त्याच सुमारास क्लोरप्रोमाझिन हे दुसरे औषध हाती आले होते. १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार या कामांना मिळाला, तेव्हा क्लाइन आणि फ्रेंच डॉक्टरांबरोबर मानकऱ्यांत आपले डॉ. वकीलही होते.

पण शांत करण्याची किंमत होती. रिसरपिन घेणारे काही रुग्ण उदास होत, काही चाचांसारखेच ताठ होत, हात कापत. असे का, याचा शोध घेताना कळले की रिसरपिन पेशीतल्या कोठारांची दारे बिघडवते. होड्या कोठारात राहत नाहीत, बाहेर पडून मोडतात. खाडी ओस पडते.

स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये सशांना रिसरपिन दिले. ससे गोळा होऊन पडले, कान लोंबते, हालचाल नाही. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य टोचले. मेंदू या डोपापासून डोपामिन तयार करतो. थोड्याच वेळात ससे उठून फिरू लागले. म्हणजे हालचालीला डोपामिन हवे! १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविच यांनी पार्किन्सनने मरण पावलेल्यांचे मेंदू तपासले, तर त्यांत डोपामिनचा खडखडाट. पुढच्याच वर्षी तिथे रुग्णांना डोपाची इंजेक्शने दिली, आणि १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी ते तोंडाने, हळूहळू वाढवत देण्याची रीत बसवली. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळाले. चाचांची गोळी ती हीच, लेव्होडोपा. एका मुळीने माणसे ताठ केली, त्या ताठरपणाचे कारण शोधताना सैल करणारी दवा सापडली.

गंमत म्हणजे ही दवा आमच्या शाळेच्या कुंपणावरही आहे. खाजकुयली! दरवर्षी हिवाळ्यात एखादा वात्रट मुलगा तिच्या शेंगांची लव बाकावर पसरतो आणि अर्धा वर्ग अंग खाजवत बाहेर पळतो. त्याच शेंगांतल्या बियांमध्ये शेकडा तीन ते सहा भाग लेव्होडोपा असतो. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच तो वेगळा काढून दाखवला होता. हे वाचून कुणी बिया कुटून आजोबांना देऊ नका. कुठल्या बीत किती औषध हे डोळ्यांना दिसत नाही, आणि सोबत गोळी चालू असेल तर दोन्हींची बेरीज होते. सर्पगंधाचेही तेच. तीही आज उपटून उपटून दुर्मिळ झाली आहे आणि रिसरपिन आता क्वचितच दिले जाते.

आता चाचांच्या खिमा-पावाकडे येऊ. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या मध्यभागी डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. लक्षणे दिसेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. मग डोपामिनच का देत नाहीत? कारण मेंदूच्या वेशीवर कडक नाका आहे, डोपामिनला तिथून आत सोडत नाहीत. लेव्होडोपाला सोडतात. जणू होडी नेता येत नाही म्हणून लाकूड नेले आणि आत होडी बांधली. वाटेतच त्याची होडी बनून वाया जाऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपा हे दुसरे औषध मिसळलेले असते. आणि त्या नाक्यातून मांस, अंडी, डाळी यांतल्या प्रथिनांचे घटकही जातात, त्याच दाराने. गोश्त आणि गोळी एकदम पोटात गेली की दारात गर्दी होते आणि गोळी मागे राहते. म्हणून जेवणाआधी अर्धा तास! चाचांनी दोन गोळ्या एकदम घेतल्या, त्यांनी मळमळ झाली, आणि खिम्याने गोळीचा गुण अडवला. शिवाय घेतलेल्या लेव्होडोपातला अर्धा भाग साधारण दीड तासात रक्तातून निघून जातो. सहेरीच्या गोळीने दुपार निघेल कशी?

दुसऱ्या औषधांकडेही याच खाडीवरून पाहता येते. स्किझोफ्रेनियात माणसाला कुणी नसताना आवाज ऐकू येतात. आपल्या मोहल्ल्यांत याला लगेच आसेब म्हणतात. त्याची बहुतेक औषधे पलीकडच्या धक्क्यावर डोपामिनची जागा अडवून बसतात, होडी आली तरी लागत नाही. म्हणून त्या रुग्णांचेही कधी कधी हात कापतात, चेहरा जड होतो. ते पाहून 'औषधाने मुलगा बिघडला' म्हणत घरचे गोळी बंद करतात. डॉक्टरांना सांगितले तर मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते.

उदासीच्या आजारातली पुष्कळ औषधे सिरोटोनिनच्या होड्या परत ओढू देत नाहीत, त्या खाडीत जास्त वेळ राहतात. पण 'सिरोटोनिन कमी म्हणून उदासी' इतके ते सरळ नाही. होड्या तर पहिल्याच दिवशी वाढतात, मन उजळायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. मेंदू हळूहळू स्वतःला नव्याने जुळवून घेतो असे दिसते. कितीतरी बायका आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून गोळी सोडतात. दोन पावले पुढे गेले असते तर फरक दिसला असता. या गोळ्यांना 'नशेच्या' म्हणणेही बरोबर नाही. त्या घेऊन कैफ चढत नाही. मात्र एकदम सोडल्या तर चक्कर, बेचैनी येते, म्हणून डॉक्टर त्या पायरीपायरीने कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते, आणि त्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणून खाण्याची चाल आपल्याकडे आहे, हे कबूल केले पाहिजे.

मिरगीबद्दल लिहिताना आम्हाला मान खाली घालावी लागते. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एका मुलीला झटका आला होता. आम्ही नवखे होतो. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली, आम्ही तिच्या दातांत चमचा घातला. त्या मुलीचा दात तुटला. खरे तर तिला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, तोंडात काहीही घालायचे नाही, घड्याळ पाहायचे आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर इस्पितळ गाठायचे, एवढेच होते. मिरगीत मेंदूतल्या पुष्कळ पेशी एकदम, एका तालात वीज सोडतात. १९१२ पासून फेनोबार्बिटॉल, १९३८ पासून फेनिटॉइन आणि पुढे आणखी औषधे आली. काही औषधे पेशीची वीज आवरतात, काही गाबा या शांत करणाऱ्या होडीला बळ देतात. नियमित औषधांनी दहातल्या सहा-सात रुग्णांचे झटके थांबतात. नियमित हा शब्द महत्त्वाचा. एक-दोन दिवस गोळी चुकणे आणि झोप अपुरी होणे, ही झटक्याची दोन मोठी कारणे आहेत, आणि रमजानच्या सहेरीत दोन्ही एकत्र येतात. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलीचे लग्न ठरले असेल तर आधीच डॉक्टरांना भेटा. हे औषध पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, वेळीच दुसरे देता येते. लपवून लग्न करायचे आणि सासरी गोळ्याही लपवून ठेवायच्या, त्यात चुकतात त्या गोळ्याच.

मन कधी आभाळाला, कधी पाताळाला नेणाऱ्या आजारात लिथियम देतात. १९४९ साली ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याचा गुण दाखवला. हे एक क्षार आहे. त्याची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. अंगातले पाणी कमी झाले की रक्तातले प्रमाण वाढते. कोकणच्या उन्हाळ्यात दिवसभर पाण्याविना राहणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता रोजा धरणे यात जिवाचा धोका आहे.

रोजाचा मसला आम्ही आमच्या मशिदीच्या इमामसाहेबांना विचारला. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. आजाऱ्याला सवलत सूरह बकरामध्येच दिलेली आहे, म्हणाले. बरा होणारा आजार असेल तर नंतर कजा रोजे, कायमचा असेल तर फिदिया. इलाज करण्याची ताकीद खुद्द हुजूर (स.) यांची आहे, दुआ आणि दवा यांत भांडण आम्हीच लावले. मग ते चाचांना म्हणाले, "तुम्ही मला आधी का नाही विचारले?" चाचा काही बोलले नाहीत. आम्हीही नाही. ज्यांचा आजार आटोक्यात आहे आणि गोळी दिवसातून एक-दोनदाच आहे, त्यांतल्या काहींना डॉक्टर रोजाची परवानगी देतात, वेळा बदलून, लांब असर राहणारी गोळी देऊन. हे रमजानच्या महिनाभर आधी, शाबानमध्येच विचारायचे.

मदत कुठे? मनाच्या त्रासासाठी १४४१६ हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येते. मोठी सरकारी मनोरुग्णालये आपल्याला दोन बाजूंना आहेत, ठाणे आणि रत्नागिरी. दाखल व्हायलाच पाहिजे असे नाही, बाहेरून तपासून औषध नेता येते. पार्किन्सनच्या रुग्णांसाठी मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ काम करते. तिथे कुटुंबालाही बोलावतात.

त्या रमजाननंतर आणखी एक रमजान गेला. चाचांनी फिदिया दिला. दुपारची गोळी ते आतल्या खोलीत पडदा ओढून घेत. लाज वाटते म्हणत, आम्ही बोललो नाही. संध्याकाळी मात्र ते सगळ्यांबरोबर दस्तरखानावर बसत. अजान झाली की एक खजूर, घोटभर पाणी आणि गोळी. मग आमचा धाकटा घड्याळ घेऊन शेजारी बसायचा. अर्धा तास होईपर्यंत चाचांच्या ताटावर चाची दुसरे ताट पालथे घालून ठेवायच्या.

"झाला का रे अर्धा तास?"

"अजून चार मिनिटं, दादाजी."

"तुझं घड्याळ मागं आहे," चाचा म्हणायचे, आणि हसायचे.